टाकीमामांची राहिलेली पाटी

टाकीमामांच्या दुकानावर त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने कोरलेली एक पाटी होती : 'येथे टाकीकाम सुबक व वेळेवर करून मिळेल.' वडिलांच्या काळात टाकी म्हटलं की लोकांना दगडावर अक्षरं कोरायची छिन्नी आठवायची. पुढे घराघरांच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या आल्या, पाटीखाली फोन नंबर रंगवला गेला, आणि मामांच्या मागे एक नवाच ताप लागला.

"हॅलो, टाकीकाम का? आमची हजार लिटरची आहे. तळाला गाळ बसलाय. कधी येता?"

पहिली काही वर्षं मामा चिडायचे. "अहो बाई, मी थडग्यांवरचे दगड कोरतो! तुमच्या घरी कुणी..." एवढं बोलून पुढचं गिळायचे, कारण ते वाक्य पुरं केलं असतं तर पलीकडच्या बाईंनी येऊन त्यांच्याच डोक्यात दगड घातला असता.

"पाटी बदला हो," बायको म्हणायची. "नुसतं 'दगडावर अक्षरं' लिहा, म्हणजे सुटाल."

"वडिलांचं अक्षर आहे ते," मामा म्हणायचे. विषय तिथेच मिटायचा, आणि पाटीवरून पडलेलं टाकीमामा हे नाव मात्र चिकटून राहायचं.

बायको जाऊन आता तीन वर्षं झाली होती. पाटी अजून तीच होती, पण मामांना आता फोनचा राग येत नसे. उलट ते खुर्ची ओढून बसत आणि चौकशी करत. किती लिटरची? झाकण नीट बसतं ना? शेवाळ धरलंय का? आणि सगळं ऐकून झाल्यावर, ओशाळून, आपण ते काम करत नसल्याचं सांगून चौकातल्या नळवाल्याचा नंबर देत. यात चार मिनिटं जात. दिवसभरात दुसऱ्या माणसाचा आवाज कानावर पडायचा तो एवढाच. एकदा नळवाला दुकानात येऊन म्हणाला होता, "मामा, तुमच्यामुळे माझा धंदा चाललाय. काही द्यायला हवं तुम्हाला." मामा म्हणाले, "बस दोन मिनिटं." पण त्याला घाई होती.

मामांचं काम दोन तऱ्हेचं. एक दफनभूमीतल्या दगडांवर नावं आणि तारखा कोरायचं. त्या गिऱ्हाइकांची तक्रार कधी येत नाही, असं ते स्वतःच म्हणत. दुसरं काम आभाराच्या पाट्यांचं. गावच्या चर्चमध्ये डाव्या हाताच्या भिंतीला मरियामातेचा पुतळा होता आणि त्याच्या भोवतीची सगळी भिंत संगमरवराच्या लहान लहान पाट्यांनी भरली होती. कुणाचा ताप उतरला, कुणाला मूल झालं, कुणाचा भाऊ समुद्रावरून सुखरूप परत आला. माणसं नवस बोलत, तो पुरा झाला की वहीएवढी पाटी करून भिंतीला लावत. वडिलांच्या हातच्या आणि मामांच्या हातच्या मिळून तिथे दीडेकशे पाट्या असतील. मामा मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, जात तेव्हा त्यांची नजर वेदीकडे कमी आणि आपल्या वेलांट्यांकडे जास्त असायची.

पाटी करायची रीत ठरलेली. आधी पेन्सिलीने अक्षरं आखायची. मग शिरोरेघ कोरायची, कारण रेघ वाकडी गेली तर सगळं वाक्य दारू प्यायल्यासारखं दिसतं. मग एकेक अक्षर. आणि सगळ्यात शेवटी, रंग भरायच्या आधी, वाचन. हे वाचन बायकोचं. दुकानात टाकीच्या बाकासमोर तिचं एक उंच स्टूल होतं. पाटी पुरी झाली की ती पदराला हात पुसत आतून यायची, स्टुलावर बसायची आणि पाटी उलटी वाचायची. म्हणजे शेवटच्या अक्षरापासून पहिल्यापर्यंत. सरळ वाचलं की डोळा लबाडी करतो, जे असायला हवं तेच वाचतो, असं तिचं म्हणणं होतं. 'आभार' असेल तर ती म्हणायची, "र. भा. आ." आणि सगळं बरोबर असलं की स्टुलावरून उतरता उतरता दोनच शब्द : "जाऊ दे." म्हणजे पाटी आता गिऱ्हाइकाकडे जाऊ दे. छत्तीस वर्षांत त्या दुकानातून एकही चूक बाहेर गेली नव्हती.

आता मामा स्वतःच वाचत. सरळ. मनातल्या मनात.

त्या दीडशे पाट्यांत एक पाटी नव्हती, आणि ती नव्हती हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. दहा वर्षांपूर्वी बायको आजारी पडली, डॉक्टरांनी मान हलवली, आणि काय झालं देव जाणे, ती बरी होऊन घरी आली. घरात पाऊल टाकल्या टाकल्या म्हणाली, "अहो, आता माझी एक पाटी करा. मी नवस बोललेय तसा."

"करू की. काय लिहायचं?"

"नुसतं 'आभार'. कशाबद्दल ते त्याला माहीत आहे."

पण गिऱ्हाइकांच्या पाट्या आधी. घरची काय, कधीही होईल. दर दोन-चार महिन्यांनी ती विचारायची, "माझी पाटी?" आणि मामा म्हणायचे, "अगं, भिंत काय पळून चाललीय?" भिंत पळाली नाही. सात वर्षं गेली, आणि एका पहाटे तीच गेली, दुसऱ्याच कुठल्याशा दुखण्याने, चार दिवसांत. भिंतीवर पाटीएवढी रिकामी जागा तिने स्वतः दाखवून ठेवली होती, पुतळ्याच्या डाव्या हाताखाली. ती तशीच राहिली.

त्या दिवसापासून मामा देवाशी बोलेनासे झाले. मिस्सा चुकवत नव्हते. शेवटच्या बाकाच्या टोकाला, खांबाआड, त्यांची जागा पक्की होती. पण फादर वेदीवरून "आपण देवाचे आभार मानू या" म्हणत आणि सगळं चर्च एका सुरात ते योग्य असल्याचं सांगे, तेव्हा मामा ओठ मिटून घेत. बाकी सगळं म्हणत, ते एवढंच म्हणत नसत. दूरच्या शहरात सासरी असलेली लेक दर रविवारी फोन करी, आणि शेवटी हळूच विचारी, "बाबा, आईची पाटी?" मामा म्हणत, "बघू." एकेकाळी ते बायकोला 'करू' म्हणायचे. 'करू'वरून 'बघू'वर आलेला माणूस कुठे निघालाय, हे लेकीला कळत होतं. पण तिने कधी थेट विचारलं नाही.

अशात एके दिवशी शाळेतल्या बाईंची चिठ्ठी आली.

बाई म्हणजे अर्ध्या गावाला मराठी शिकवलेल्या, आता ब्याऐंशीच्या. गाव त्यांना मागे 'वेलांटीबाई' म्हणे आणि पुढ्यात नुसतं 'बाई'. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते, दोन वर्षं त्या भिंतीला हात लावून चालत होत्या. आता दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली होती, आणि दिसायला लागताच त्यांनी पहिलं काम केलं ते हे. चिठ्ठीत रेघेवर रेघ बसवलेल्या अक्षरांत मजकूर होता : 'मरियामाते, पुन्हा वाचता आले. सदैव कृतज्ञ.' खाली सूचना : 'स्वल्पविराम विसरू नये.'

मामांनी पाटी घेतली. तो सोमवार होता. आदल्याच दिवशी लेकीचा फोन येऊन गेला होता आणि 'बघू' म्हणून झालं होतं. मामा रेघ कोरत होते आणि मनात नेहमीचं भांडण चाललं होतं. दिलीस तर पुरती द्यायची होतीस. सात वर्षं म्हणजे काय? सतरा का नाहीत? हात आपला चालला होता. स्वल्पविराम त्यांनी इतका सुबक कोरला, की तो पाहून त्यांनाच बरं वाटलं. मग पाटी एकदा वाचली, सरळ, मनात, आणि तिच्यात काळा रंग भरून टाकला.

दोन दिवसांनी काळा चष्मा लावलेल्या बाई स्वतःच दुकानात हजर झाल्या. हातात काठी होती, पण आता ती टेकायला नव्हती, दाखवायला होती.

"आलेय पाहायला. झाली?"

मामांनी पाटी बाकावर उभी केली. बाईंनी काळा चष्मा काढला, साधा लावला, वाकल्या. बराच वेळ वाकून राहिल्या. मग सरळ होऊन, पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या आवाजात म्हणाल्या, "वाच."

अडुसष्ट वर्षांचे मामा आपोआप ताठ उभे राहिले. "मरियामाते, पुन्हा वाचता आले. सदैव कृतज्ञ."

"पुन्हा वाच."

"मरियामाते, पुन्हा वाचता..."

"अरे, काय असायला हवं ते नको वाचूस. काय आहे ते वाच." आणि काठीचं टोक त्यांनी शेवटच्या शब्दावर ठेवलं.

मामांनी पाहिलं. 'ज्ञ'च्या जागी 'घ्न' होता. सुबक होता, खोल होता, काळाभोर रंग भरलेला होता. सदैव कृतघ्न.

"दोन वर्षं आंधळी होते," बाई म्हणाल्या. "देवाने डोळे दिले ते हे वाचायला! शस्त्रक्रिया फसली असती तर लागली असती की रे ही भिंतीला, आणि मी रोज हात जोडून उभी राहिले असते हिच्यापुढे."

मामांना हसावं की जमिनीत गडप व्हावं कळेना.

"आणि तू पाचवीतसुद्धा हेच केलं होतंस. काकांना पत्र लिहा म्हटलं होतं. खाली काय लिहिलंस? 'आपला कृतघ्न पुतण्या.' सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं होतं मी." बाई स्टुलावर बसायला वळल्या, थबकल्या, आणि स्टूल टाळून खुर्चीवर टेकल्या. "कृतज्ञ म्हणजे काय सांगितलं होतं?"

"केलेलं जाणणारा."

"आणि कृतघ्न?"

"केलेलं... मारून टाकणारा."

"बरोबर. एवढं येतंय, मग हाताला काय झालं?"

खालचा रंगाचा डबा उचलून मामांनी उगीचच दुसरीकडे ठेवला.

"वाचलं कुणी नाही," शेवटी ते म्हणाले. "ती वाचायची. उलटं. आता कोण वाचणार?"

बाईंनी तेच विचारलं जे तीन वर्षं गावात कुणी विचारलं नव्हतं. "तिची पाटी का केली नाहीस?"

"कशाबद्दल करू?" मामांचा आवाज चढला. दगडावरच्या ठोक्यांनी त्यांचे कान कधीच गेले होते, त्यामुळे तो एरवीही चढलेलाच असे. "तुम्हाला डोळे मिळाले, तुम्ही करा. मला काय मिळालं? रात्रीचं दोन पोळ्यांऐवजी एक पोळी करायची सवय मिळाली! सात वर्षं दिली म्हणे. सातच? मी काय वाईट केलं होतं? अख्ख्या गावाचे आभार या हातांनी कोरले, बाई. अख्ख्या गावाचे!"

"तू मागितली होतीस किती?"

"काय?"

"वर्षं. ती दवाखान्यात होती तेव्हा."

मामा गोंधळले. "ते... आता काय आठवतंय."

"तुला नसेल. आम्हाला आठवतंय." बाईंनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "त्या दुपारी चर्चमध्ये आम्ही बायका फुलं लावत होतो. तू आलास, पुतळ्यापुढे गुडघे टेकलेस आणि अगदी कुजबुजलास. तुझ्या मते कुजबुजलास. तुझी कुजबुज घंटेपाशी उभ्या असलेल्या माणसाला ऐकू गेली! म्हणालास, 'एकच वर्ष दे. पोरीचं लग्न तिच्यासमोर होऊ दे. एकच. जास्त मागणार नाही, वचन देतो.' आम्ही सगळ्या फुलं हातात धरून तशाच उभ्या. मी तर म्हटलं, अरे वेड्या, मागतोसच आहेस तर दहा तरी माग! पण तू एकच मागितलंस."

मामांनी छिन्नी उचलली आणि तिची धार अंगठ्याने पाहिली, जसं काही तिच्यातच काहीतरी बिघडलं होतं.

"लग्न झालं तिच्यासमोर?" बाईंनी विचारलं.

"झालं."

"नातू?"

"तिचं बोट धरून चालायला शिकला."

"हं." बाई उठल्या. काळा चष्मा लावला. "माझी पाटी नवीन कर. घाई नाही, डोळे आता टिकतील म्हणतात. आणि ही मी नेत नाही. ही माझी नव्हे." दारापाशी जाऊन त्या वळल्या. "दुखतं ते दुखणारच रे. त्याला कुणी चूक म्हणत नाही. पण दुखतंय म्हणून आलेलं आलंच नव्हतं, असं नाही लिहायचं."

बाई गेल्या. मामा संध्याकाळपर्यंत तसेच बसून होते. एक फोन वाजला, पाचशे लिटरची टाकी होती, तळाला भेग गेली होती. मामांनी लिटर विचारले नाहीत, झाकण विचारलं नाही. सरळ नळवाल्याचा नंबर दिला. ठेवल्यावर वाटलं, चार मिनिटांचं बोलणं उगाच हातचं घालवलं.

बाईंची पाटी त्यांनी दुसऱ्या दिवशी केली. रंग भरायच्या आधी थांबले. दार लोटून घेतलं, कारण ऐकणाऱ्याने वेडा म्हटलं असतं, आणि मोठ्याने, शेवटून वाचायला लागले. "ज्ञ. त. कृ." आपलाच आवाज रिकाम्या दुकानात कसातरी वाटला, दुसऱ्याचा कोट घातल्यासारखा. तरी पहिल्या अक्षरापर्यंत वाचलं. स्वल्पविरामसुद्धा वाचला.

मग ती बिघडलेली पाटी पुढ्यात घेतली. दगड चांगला होता, दोन्ही अंगांनी गुळगुळीत. मामांनी ती पालथी घातली. 'कृतघ्न' खाली बाकाला टेकला. वरच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी रेघ आखली आणि मधोमध मोठं लिहिलं : 'आभार.' तिने सांगितलं होतं तेवढंच. पण पेन्सील खाली ठेववेना. दोन दिवस ती पाटी तशीच पडून होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी खाली बारीक अक्षरांत एक ओळ घातली : 'मागितले एक, दिलीस सात.' आणि कोरायला घेतली. या वेळी मनात भांडण नव्हतं असं नाही. पण आता ते दोन्ही बाजूंनी चाललं होतं, आणि समोरच्यालाही त्यात काही बोलायचं होतं, हे मामांना मान्य करावं लागलं.

पाटी पुरी झाली. मामांनी ती हातात धरून, पलीकडच्या स्टुलाकडे तोंड करून, उलटी वाचली. 'त' पासून 'मा' पर्यंत. मग वरचं. "र. भा. आ."

आणि थांबले. इथे दोन शब्द यायचे असत.

स्टूल गप्प होतं. त्याच्या बैठकीवर दगडाची पांढरी धूळ बसली होती. तीन वर्षं तिथे कुणी टेकलं नव्हतं. मामा खूप वेळ थांबले, एखादा माणूस वाट पाहील त्याहूनही थोडं जास्त. मग फडक्याने ती धूळ पुसली, आणि स्वतःच म्हणाले, "जाऊ दे."

शनिवारी दुपारी ते दोन्ही पाट्या घेऊन चर्चमध्ये गेले. तरुण फादर स्वतः शिडी धरायला आले. बाईंची पाटी लागली. मग मामांनी दुसरी उचलली तेव्हा तिची मागची बाजू फादरांना दिसली.

"मामा, या बाजूला काहीतरी... मामा, इथे 'कृतघ्न' लिहिलंय!"

"माहीत आहे. ती भिंतीकडे जाते."

"पण असं... चर्चच्या भिंतीत?"

"फादर, तीन वर्षं मी कसा होतो ते त्याला माहीत आहे. पुढून आभार आणि मागून काहीच नाही, असं दिलं तर तो म्हणेल, अर्धीच पाटी आणलीस. दोन्ही घेऊ दे." आणि मग आवाज खाली आणून, म्हणजे घंटेपर्यंत जाईल एवढाच ठेवून, म्हणाले, "शिवाय दगड चांगला होता हो. टाकवेना."

फादरांनी एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा मामांकडे, आणि चुन्याचं घमेलं पुढे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी मिस्सेच्या आधी पाटीपुढे ही गर्दी. 'मागितले एक, दिलीस सात' म्हणजे काय, यावर गावात दोन तट पडले. कुणी म्हणालं मुलं, कुणी म्हणालं मांजराची पिल्लं. बाई सगळ्यांना "व्याकरण बरोबर आहे, बाकी तुम्हाला काय करायचंय?" असं सांगत उभ्या होत्या. मामा आपल्या खांबाआड. फादर वेदीवरून म्हणाले, आपण देवाचे आभार मानू या. सगळ्यांनी उत्तर दिलं. आणि सगळ्यांचं देऊन झाल्यावर, सवय मोडलेली असल्यामुळे, दीड शब्द उशिरा, शेवटच्या बाकावरून एकट्याचा आवाज आला. चांगला खणखणीत. पुढच्या चार रांगा वळून पाहू लागल्या. मामा खाली मान घालून बसले. डोळ्यांत धूळ गेल्यासारखं करायला दगडाचं काम फार उपयोगी पडतं.

घरी आले तेव्हा घर तसंच होतं. एक ताट, एक पेला, खिडकीतलं ऊन टेबलाच्या त्याच कोपऱ्यावर. त्यात काहीही बदललं नव्हतं. दुपारी लेकीचा फोन आला. "बाबा, आईची..." तिने सुरुवात केली, आणि मामा म्हणाले, "लावली." पलीकडे ती रडत असल्याचं त्यांना कळलं, आणि या कानाने कळलं म्हणजे ती चांगलीच रडत असणार.

सोमवारी दुकान उघडून मामा बसले, तोच फोन वाजला.

"टाकीकाम का? आमची दोन हजार लिटरची आहे."

"दोन हजार!" मामांनी खुर्ची ओढून घेतली. "मोठं कुटुंब दिसतंय. झाकण कसं आहे?"

फोनवरच्या बाईंनी झाकण सांगितलं, शेवाळ सांगितलं, घरात अकरा माणसं आहेत आणि आंघोळीवरून रोज भांडणं होतात हेही सांगितलं. मामांनी सगळं ऐकून नळवाल्याचा नंबर दिला. या वेळी सहा मिनिटं झाली.

"आणि फोन केल्याबद्दल आभार हं," मामा म्हणाले.

"अहो, आभार कशाबद्दल? तुम्ही तर काम घेतलंच नाही!"

मामांनी पुसलेल्या स्टुलाकडे पाहिलं.

"असतंय काहीतरी," ते म्हणाले. "मोठी टाकी आहे, जपा."